रानात पाणी कशावर उकळायचं? नागपूरकरांच्या हलक्या स्टोव्हची पार्श्वभूमी

पेंच, बोर, उमरेडच्या बाजूला किंवा रामटेकच्या पलीकडे मुक्कामी जाणारे आज बॅगेत मुठीत मावणारा गॅसचा बर्नर आणि एक हलकं भांडं टाकतात. नागपुरात ही सवय फार जुनी नाही. वजन कमी करायच्या हौसेपेक्षा जंगलात जाळ करण्यावर आलेल्या बंधनांनी ती जास्त रुजवली. स्टोव्ह निवडताना जो सल्ला सगळीकडे फिरतो, तो मात्र हिमालयातली थंडी डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. आपल्याकडे चिंता वाळलेल्या सागाच्या पानांची आहे.

हवेच्या दाबाने वर चढवलेल्या रॉकेलची तापलेल्या बर्नरमध्ये वाफ करून ती जाळणारा स्टोव्ह 1892 च्या सुमारास स्वीडनमध्ये तयार झाला. 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर आणि 1953 मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या तुकड्यांकडेही असलेच स्टोव्ह होते. आपण त्याला पंपाचा स्टोव्ह म्हणून ओळखतो. वाटीत स्पिरिट ओतून बर्नर तापवायचा, किल्ली आवळून पंप मारायचा, निप्पल तुंबलं की पिन घालायची. चामड्याचा वायसर सुकला असेल तर दोन थेंब तेल सोडल्याशिवाय दाब धरायचाच नाही. घरातला हाच पितळी स्टोव्ह सहलीलाही जायचा. टाकी भरली की तो जड व्हायचा आणि वाटेत कलंडला की डब्यातल्या पोळ्यांना रॉकेलचा वास लागायचा. तरी ज्वाळा मात्र जोरदार. ज्यांना हे ओझं नको असायचं, ते तीन दगड मांडून काटक्या पेटवायचे आणि काळा झालेला गंज, म्हणजे पातेलं, राखेने घासून घरी आणायचे.

2016 पासून रेशनच्या रॉकेलची किंमत टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आणि 2020 पर्यंत केंद्राचं अनुदान संपलं. शहरात लिटरभर रॉकेल मिळवणंही अवघड झालं आणि पंपाचा स्टोव्ह माळ्यावर गेला.

त्याआधीपासूनच शहराभोवतीच्या जंगलाचा दर्जाही बदलत होता. महाराष्ट्रातला पेंच 1999 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, मानसिंगदेव 2010 मध्ये आणि उमरेड-कऱ्हांडला 2012 मध्ये अभयारण्य झालं, तर बोर 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पात आला. पूर्वी जिथे बिनदिक्कत चूल मांडली जायची, त्यातल्या बऱ्याच जागांवर आता वेगळे नियम लागू आहेत.

इथेच एक वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. चूल बंद हे सगळ्यांना मान्य आहे, पण गॅसच्या बर्नरवर चहाचं पाणी ठेवलं तर तोही जाळच का? 1927 च्या भारतीय वन कायद्यातल्या कलम 26 चा एक भाग राखीव जंगल धोक्यात येईल अशा रीतीने आग पेटवायला मनाई करतो. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 30 अभयारण्यासाठी असंच सांगतं. एवढंच वाचणारे म्हणतात, चावी फिरवली की विझणाऱ्या ज्वाळेपासून धोका कसला? पण कलम 26 मध्ये लगेच पुढचा भाग आहे. वनाधिकाऱ्याने जाहीर केलेला हंगाम सोडून राखीव जंगलात आग पेटवणं, ठेवणं किंवा सोबत नेणं यालाच तो मनाई करतो, आणि त्यात धोक्याची अटच नाही. त्यामुळे नाक्यावरचा वनरक्षक बर्नर काढून ठेवायला सांगतो तेव्हा तो अडवणूक करत नसतो. कायद्याचा आधार त्याच्या बाजूने असतो.

माझ्या मते त्याचंच ऐकावं. आपल्याकडे 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. याच दिवसांत मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि वनमजूर जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, राखत उन्हात फिरत असतात. गुडघाभर वाळक्या पानांत कोणाची ज्वाळा किती आटोक्यात आहे, हे त्यांनी तपासत बसावं अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. पाणी उकळायचं ते परवानगी असलेल्या मुक्कामाच्या जागी, खालचा पालापाचोळा झाडून, उघड्या मातीवर किंवा खडकावर.

याच कारणाने स्पिरिटचा छोटा स्टोव्ह मला इथे पटत नाही. तो सगळ्यांत हलका आणि स्वस्त, बिघडण्यासारखं त्यात काहीच नाही. पण त्याला बंद करायची चावी नसते, दिवसा ज्योत जवळजवळ दिसत नाही आणि पाय लागला की पेटतं स्पिरिट जमिनीवर पसरतं. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात आगबंदीच्या काळात अनेक ठिकाणी हाच फरक धरतात: चावीच्या गॅस स्टोव्हला मुभा आणि स्पिरिटच्या स्टोव्हला मनाई.

गॅसच्या डब्याबद्दल नेहमी सांगतात की थंडीत तो रुसतो. ब्यूटेनची वाफ उणे 0.5 अंशाच्या खाली होत नाही, म्हणून उंचावर आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण लागतं. नागपूरच्या डिसेंबरात पहाटेचा पारा सहसा दहा-बारा अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे साध्या ब्यूटेनवरही काम होतं. फार तर ज्वाळा थोडी मंदावते. आपल्याला जपायचं ते उन्हापासून. डब्यावर 50 अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. वारा अडवायला पत्रा लावलाच तर डब्याभोवती पूर्ण वेढा घालू नये, कारण बर्नरची उष्णता उलटून डब्यावर येते.

लिटरभर पाण्याला आडोशात साधारण 12 ते 15 ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे 230 ग्रॅमच्या डब्यात दोघांचे दोन-तीन दिवस आरामात निघतात. 2004 च्या सुमारास भांड्याच्या बुडाला उष्णता धरणाऱ्या पन्हळी पात्या जोडलेले, भांडं आणि बर्नर यांचे एकत्र संच बाजारात आले. ते गॅस वाचवतात, पण एवढ्या छोट्या मुक्कामासाठी त्यांचं वजन वसूल होत नाही.

भांडं अॅल्युमिनियमचं, रुंद बुडाचं आणि घट्ट झाकणाचं घ्यावं. एकट्याला पाऊण लिटर, दोघांना सव्वा लिटर. टायटॅनियमचं भांडं हलकं असतं, पण अॅल्युमिनियम त्याच्या दहापट उष्णता वाहून नेतं. टायटॅनियममध्ये पाणी उकळेल, खिचडी मात्र मधोमध करपेल. पाण्याला खळखळून उकळी आली की मिनिटभर राहू द्यावी, जंतूंसाठी तेवढं पुरतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यातलं फ्लोराइड मात्र उकळून जात नाही, तिकडे पाणी घरूनच न्यावं.

नागद्वार किंवा पचमढीला रेल्वेने जाणाऱ्यांनी गॅसचा डबा सोबत घेऊ नये. रेल्वे कायद्याच्या कलम 164 प्रमाणे धोकादायक माल नेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमानात तर तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि सामानातही नाही.