लिनक्समधील नेटवर्क ड्रायव्हर

लॅन कार्ड, वायफाय कार्ड किंवा यूएसबीला लावलेले डोंगल यांच्याकडून काम करून घेणारा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग. विंडोजवर ड्रायव्हर म्हटले की कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून बसवायची फाइल डोळ्यांसमोर येते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संहितेतच (सोर्स कोडमध्येच) असतात. कर्नलबरोबर येतात आणि त्याच्याबरोबरच सुधारले जातात. त्यामुळे ‘ड्रायव्हर बसवायचा आहे’ असे म्हणून सुरू केलेले काम पुष्कळदा भलतेच निघते : ड्रायव्हर केव्हाचाच हजर असतो, घोडे दुसरीकडेच अडलेले असते.

लिनक्सच्या सुरुवातीच्या काळातील अनेक इथरनेट ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. नासाच्या गॉडार्ड केंद्रात १९९४ साली त्यांनी व थॉमस स्टर्लिंग यांनी १६ साध्या पीसी जोडून ‘बेवुल्फ’ हा संगणकसमूह उभा केला. १० मेगाबिटचे इथरनेट त्याला अपुरे पडत होते. संहिता हाताशीच असल्याने बेकर यांनी ड्रायव्हरमध्ये फेरफार केले आणि वाहतूक एकाहून अधिक इथरनेट जोडण्यांवर वाटून दिली.

चिप ओळखणे : खोक्यावरचे नाव येथे फारसे कामाचे नाही. टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीत रिअलटेकची आली. बाहेरून नाव तेच, आतला ड्रायव्हर पूर्ण वेगळा. म्हणून जुना सल्ला वाचून डोंगल विकत घेणारे फसतात. खरी ओळख असते ती चार-चार अंकांच्या दोन षोडशमान (० ते ९ व ए ते एफ ही चिन्हे वापरणाऱ्या) क्रमांकांत : पहिला कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. पीसीआय कार्डांत रिअलटेकचा क्रमांक १०ईसी आहे. इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा, ८०८६, घेतला आहे. ‘एलएसपीसीआय’ कमांड ‘एनएनके’ या पर्यायांसह चालवली की हे क्रमांक चौकटी कंसात दिसतात आणि त्या कार्डाला सध्या कोणता ड्रायव्हर लागला आहे तेही खाली येते. ती ओळच गायब असेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी’ आहे.

प्रत्येक ड्रायव्हर-मॉड्यूल (कर्नलला हवे तेव्हा जोडता येणारा तुकडा) आपण कोणते क्रमांक सांभाळतो याची यादी सोबत ठेवते. कार्ड सापडले की कर्नल त्याची वर्दी देतो, ‘यूडेव्ह’ ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा ती उचलते आणि यादीशी जुळणारे मॉड्यूल ‘मॉडप्रोब’ या साधनामार्फत कर्नलमध्ये चढवले जाते. १०ईसी:८१६८ हे क्रमांक दिसले की ‘आर८१६९’ हा ड्रायव्हर आपोआप लागतो, तो असा.

काही यूएसबी डोंगले लावल्यावर स्वतःला सीडी म्हणवतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो. ‘०बीडीए:१ए२बी’ हे क्रमांक दिसले तर रिअलटेकचे डोंगल अशा सोंगात आहे असे समजावे. ‘यूएसबी-मोडस्विच’ने त्याला वायफायच्या रूपात आणल्याशिवाय पुढचे काहीच चालत नाही.

फर्मवेअर : वायफाय चिपच्या आत चालणारा कार्यक्रम निराळा असतो आणि तो बहुधा बंदिस्त असतो. चिप चालू होताना ड्रायव्हर तो ‘लिब’मधील ‘फर्मवेअर’ या फोल्डरमधून उचलून चिपमध्ये भरतो. फाइल नसेल तर कर्नलच्या लॉगमध्ये उणे २ हा एरर कोड येतो. त्याचा अर्थ एवढाच, की फाइल सापडली नाही. इंटेलचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ हा वायफाय ड्रायव्हर मात्र नव्यापासून जुन्याकडे एकेक आवृत्ती शोधत जातो, तेव्हा असे दोन-चार एरर दिसून शेवटी फर्मवेअर भरले गेले असेल तर घाबरण्याचे कारण नाही.

सर्वांत जास्त छळ झाला तो ब्रॉडकॉमच्या चिपांनी. कंपनीने तपशील दिले नाहीत, म्हणून स्वयंसेवकांनी ड्रायव्हर उलगडून स्वतःचा लिहिला. तो २००६ मध्ये कर्नलमध्ये आला आणि पुढे ‘बी४३’ म्हणून ओळखला गेला. फर्मवेअर वाटण्याचा परवाना मात्र नव्हता. ज्याने त्याने कंपनीचा ड्रायव्हर उतरवायचा आणि ‘एफडब्ल्यूकटर’ने त्यातून फर्मवेअर कापून काढायचे. काहींनी ‘एनडीआयएसरॅपर’ वापरून चक्क विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवला. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. डेबियन या लिनक्स वितरणाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येही बंदिस्त फर्मवेअर नसे : नेट चालायला फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर उतरवायला नेट. ऑक्टोबर २०२२ च्या मतदानानंतर धोरण बदलले आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच मिळू लागले.

कर्नलबाहेरचे ड्रायव्हर : रिअलटेकच्या काही यूएसबी चिपांसाठी अजूनही बाहेरून संहिता आणून ती आपल्या कर्नलसाठी बांधावी लागते. त्यासाठी चालू कर्नलचे हेडर (त्याच्या अंतर्गत रचनेचे वर्णन करणाऱ्या फाइली) आणि जीसीसी हा कंपायलर लागतात. असे मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधले त्याच कर्नलवर चालते, त्यामुळे अपडेट झाला की वायफाय गायब. डेल कंपनीत तयार झालेले ‘डीकेएमएस’ प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधते. तरीही कर्नलची अंतर्गत रचना बदलली तर बांधणी फसते. सिक्युअर बूट (फक्त सही केलेली संहिता चालू देणारी सुरक्षा-सोय) चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल नाकारले जाते. मग ‘मोकयुटिल’ने मॉड्यूलवर सही करणारी आपली किल्ली नोंदवायची, तात्पुरता पासवर्ड द्यायचा आणि रीबूट होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड टाकून ती मंजूर करायची. घाईत हा पडदा निसटला तर किल्ली नोंदलीच जात नाही आणि दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो.

बाहेरचा ड्रायव्हर हा शेवटचा उपाय मानावा. आधी नवा कर्नल टाकून पाहावा : रिअलटेकच्या ८८२१सीयू व ८८२२बीयू यांसारख्या यूएसबी चिपांचा ड्रायव्हर २०२३ च्या ६.२ या कर्नलपासून आतच आला आहे. रिअलटेकचा स्वतःचा ‘आर८१६८’ घ्यायचाच असेल तर कर्नलमधला ‘आर८१६९’ ब्लॅकलिस्ट करावा, म्हणजे आपोआप लागू नये अशा यादीत टाकावा, नाहीतर तोच आधी कार्ड पकडून बसतो.

जोडणी : ड्रायव्हर लागला की कार्ड ‘आयपी लिंक’च्या यादीत दिसते. पूर्वीच्या ‘ईटीएच०’ऐवजी आता ‘ईएनपी३एस०’सारखे नाव असते : इथरनेट, पीसीआयची ३ क्रमांकाची बस, शून्य क्रमांकाचा स्लॉट. २०१३ मध्ये सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाने ही पद्धत आणली, म्हणजे दोन कार्डांची नावे बूटगणिक अदलाबदल होत नाहीत. पत्ता, गेटवे, डीएनएस वगैरे डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजर पाहतो. उबुंटू सर्व्हरवर ते नेटप्लॅनच्या फाइलमध्ये लिहितात.

ड्रायव्हर आहे, फर्मवेअर आहे, तरी वायफाय उठत नसेल तर ‘आरएफकिल’ या, वायफायसारखे रेडिओ बंद-चालू करणाऱ्या साधनाची यादी पाहावी. ‘सॉफ्ट’ बंदी कमांडने निघते. ‘हार्ड’ बंदी लॅपटॉपच्या बटणाची किंवा बायोसची असते. ती तिथेच जाऊन उठवावी लागते.