पार्श्वभूमी : गवतासाठी आग लावणारी नोकरी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात प्रेअरी (उंच गवताचा मूळ माळ) आणि सव्हाना (विरळ झाडं असलेला गवताळ माळ) सांभाळणं ही आज पगारी नोकरी आहे. हिवाळ्यात झुडपं तोडायची, वसंतात गवत पेटवायचं, शरदात बी गोळा करायचं. काहींची उभी हयात एकाच माळावर जाते. शंभर वर्षांपूर्वी मात्र हे कुणाचंच काम नव्हतं.

इलिनॉयमध्ये सुमारे २.२ कोटी एकर प्रेअरी होती. तिची चिकट काळी माती जुन्या नांगरांना दाद देत नसे. १८३७ मध्ये ग्रँड डिटूर गावात जॉन डीअरने पोलादी फाळाचा गुळगुळीत नांगर घडवला आणि पुढच्या काही दशकांत माळ उलटला. आज जेमतेम २,५०० एकर अस्सल प्रेअरी उरली आहे. तीही रेल्वेच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत, म्हणजे नांगर गेला नाही अशा जागी.

नांगराइतकाच घात आग थांबल्याने झाला. पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवासी गवत मुद्दाम पेटवत. १८३३ च्या शिकागो तहानंतर पोटावाटोमींना मिसिसिपीपलीकडे घालवलं गेलं. जाड सालीचे बर ओक आगीत टिकत आणि त्यांच्याखाली ऊन पोहोचत असे. आग गेली तशी झुडपं दाटली. युरोपातून कुंपणासाठी आणलेल्या बकथॉर्नने उरलासुरला उजेडही अडवला. माझ्या मते आजचा व्यवस्थापक त्या हाकललेल्या लोकांचंच अर्धवट राहिलेलं काम करतो आहे, आणि हे स्पष्ट बोललं गेलं पाहिजे.

माळ परत उभा करण्याचा पहिला मोठा प्रयोग १९३५ च्या सुमारास मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्षोद्यानात, सुरू झाला. निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड सल्ल्याला होते, थिओडोर स्पेरी लागवडीवर देखरेख करत आणि महामंदीत सरकारी छावणीत भरती झालेली तरुण मुलं हातांनी रोपं लावत. आगीशिवाय प्रेअरी टिकत नाही, हे पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांच्या प्रयोगांनी दाखवलं.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते रॉबर्ट बेट्झ. जीवशास्त्राचे हे प्राध्यापक दफनभूमी पालथ्या घालून प्रेअरीची झाडं शोधत. शिकागोजवळच्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कण-त्वरकाच्या (अणूंहून सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) प्रचंड वर्तुळाच्या आत जमीन मोकळी होती. बेट्झ ती मागायला गेले तेव्हा संचालक रॉबर्ट विल्सन यांनी विचारलं, किती वर्षं लागतील? कदाचित चाळीस, असं उत्तर मिळाल्यावर विल्सन म्हणाले, मग आज दुपारीच सुरुवात करू या. १९७५ मध्ये पहिली पेरणी झाली. आधी दणकट गवतं, ती रुजली की मग नाजूक जाती, हा क्रम बेट्झ यांनी तिथे बसवला.

सव्हानाचं कोडं सुटायला उशीर लागला. १९७७ पासून शिकागोच्या उत्तरेला स्टीव्ह पॅकार्ड आणि स्वयंसेवक ओकांखाली प्रेअरीचं बी टाकत होते, पण ते तिथे नीट रुजेना. शेवटी डॉ. मीड नावाच्या एका गावडॉक्टरची १८४६ ची वनस्पतींची यादी हाती आली आणि ओकांखालची मूळ झाडोरा-मंडळी कोण, ते उलगडलं. १९९६ मध्ये मात्र या कामासाठी झाडं तोडण्यावरून लोक चिडले आणि शिकागोच्या कुक काउंटीत (जिल्ह्यात) कामाला स्थगिती आली. माळ म्हणजे पडीक, तिथे झाड लावणं म्हणजे पुण्य, हा समज आपल्याकडेही तितकाच घट्ट आहे. सोलापूरच्या माळढोकाला झाडी नको, उघडा माळ हवा, हे अजून कित्येकांना पटत नाही.

आग लावण्याचं तंत्रही अशाच अनुभवातून घडलं. सकाळी वारा पाहायचा. वारा ज्या दिशेला जातो तिकडच्या कडेला आधी, जाळरेषेला (आग अडवायला गवत काढून ठेवलेल्या पट्ट्याला) लागून, हातातल्या ड्रिप टॉर्च नावाच्या डब्यातून पेटतं इंधन ठिबकवायचं. ही आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते आणि काळा पट्टा मागे ठेवते. तो पुरेसा रुंद झाल्यावरच दुसरी बाजू पेटवतात.

१९८६ मध्ये इलिनॉयमधल्या नाचुसा इथे नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेने जमीन घ्यायला सुरुवात केली. मक्याच्या शेतांत तिथे प्रेअरी पेरली गेली आणि २०१४ मध्ये त्या गवतात बायसन सोडले. डीअरचा नांगर घडला ते ग्रँड डिटूर तिथून काही मैलांवर आहे.