नाकाबंदीत अडवलं तर कोणते कागद दाखवायचे, कोणते मागून घ्यायचे

पोलिसांनी हात दाखवला की गाडी डावीकडे घ्या आणि इंजिन बंद करा. लांबून नाकाबंदी दिसली म्हणून यू-टर्न मारणारा उगाच स्वतःवर संशय ओढवून घेतो. रात्री चारचाकीत असाल तर आतला दिवा लावा. दुचाकीवरून उतरलात तर रहदारीच्या बाजूला उभं राहू नका.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर चालकाला लायसन्स दाखवावंच लागतं. सोबत आरसी, विमा (निदान थर्ड पार्टी) आणि पीयूसी हवं. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. लर्निंग लायसन्स असेल तर गाडीला ‘एल’ची पाटी आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी. मुलगा अल्पवयीन असेल तर प्रकरण पालकांवर येतं: कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘कोपऱ्यावरच तर जातोय’ हे कारण तिथे चालत नाही.

मूळ कागद खिशात नसले तरी चालतं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदांइतकंच ग्राह्य आहे. गॅलरीत ठेवलेल्या फोटोला मात्र तो दर्जा नाही. दाखवताना फोन आपल्याच हातात ठेवा. चॅट किंवा फोटो बघायला मागण्याचा अधिकार वाहतूक कायद्याने दिलेला नाही, आणि गाडीची किल्ली काढून घेण्याचाही नाही. गाडी नोंदणीशिवाय किंवा (व्यावसायिक असेल तर) परमिटशिवाय रस्त्यावर असेल, चालकाकडे लायसन्सच नसेल, तर मात्र कलम २०७ खाली ती अडकवून ठेवता येते.

इथून पुढे कागद मागायची पाळी तुमची. लायसन्स जप्त केलं तर कलम २०६ प्रमाणे पोचपावती मिळायलाच हवी. लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, जे आधी होईल तोवर, त्या पावतीवर गाडी चालवता येते. पण अतिवेग, धोकादायक किंवा दारू पिऊन गाडी चालवणं अशा गुन्ह्यांत निलंबनासाठी लायसन्स जप्त केलं असेल तर त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. बहुतेक लोक ती न घेताच निघून जातात आणि मग चौकीच्या खेपा सुरू होतात. दंडाचंही तसंच: ई-चलान घ्या, नंतर ऑनलाइन भरा. पावतीशिवाय रोख मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. चलानच चुकीचं वाटलं तर रस्त्यावर वाद घालू नका. चलानचा क्रमांक, ठिकाण, वेळ आणि गाडीचा फोटो जपून ठेवा आणि महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवा.

दारूच्या संशयावरून श्वासचाचणी सांगितली तर नाकारून सुटका होत नाही. संशयाला कारण असताना नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक करता येते. नळी नवी लावा, असं शांतपणे सांगायला हरकत नाही. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. त्यावर आकडा गेला तर प्रकरण कोर्टात जातं.

आवाज चढला, अंगाला हात लागला, की साध्या चलानाचा गुन्हा होतो. सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवण्यासाठी हल्ला करण्याचं, गावोगाव ‘तीनशे त्रेपन्न’ म्हणून माहीत असलेलं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे. मोबाइलवर चित्रीकरण करायचं असेल तर दोन पावलं मागे राहून करा, कामात आडवे येऊ नका.

‘चला चौकीवर’ असं म्हटलं तर पहिला प्रश्न विचारा: मला अटक केली आहे का, आणि कशासाठी? अटक असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) लागू होते. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसायला हवं. अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची आणि तुमची सही घेतली जाते. सही करण्याआधी तारीख आणि वेळ वाचा. नातेवाईकाला कळवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ त्याला शेजारी बसवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं. वरळीच्या अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत, लेखी द्यायला हवीत. तेव्हा मराठीत मागा.

महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकारी लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊनच ती करू शकते. महिलेची झडतीही महिलेनेच घ्यायची. आणि साक्षीदार म्हणून जबाब द्यायला बोलावलं असेल तर महिलांना, १५ वर्षांखालच्या मुलांना आणि साठीपुढच्या माणसांना पोलीस ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी यायचं.

वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती आणि कोठडीतला माणूस यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.