पहिल्या पगाराची स्लिप: काय कापलं, कुठे गेलं आणि कोणते कागद लागतात

नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कमधली असो, रबाळे-महापे एमआयडीसीतल्या कारखान्यातली असो की वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसातली, ती लागली की घरी सांगितला जाणारा आकडा वर्षाचा असतो. ‘तीन लाख साठ हजारांचं पॅकेज.’ घरचे लगेच बारानं भागतात आणि तीस हजार धरून चालतात. मग महिनाअखेरीला बँकेचा मेसेज येतो, २५,४७८ रुपये जमा. साडेचार हजार गेले कुठे?

बहुतेक वेळा यात फसवणूक नसते. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. त्यातला काही भाग तुमच्या हातात कधी येणारच नसतो, काही उशिरा येतो आणि काही दुसऱ्या खात्यात तुमच्याच नावावर जमा होत राहतो. मात्र पगारातून रक्कम कापली जाणं ही एक गोष्ट आणि ती खरोखर भरली जाणं ही दुसरी. स्लिपवर फक्त पहिली दिसते. दुसरी आपण बघायची असते आणि ती पहिल्या दोन महिन्यांतच बघितलेली बरी.

हाच तीस हजारांचा हिशोब

समजा, मुलगी पदवीनंतर पहिल्यांदाच नोकरीला लागली आहे. बेसिक १५,०००, घरभाडे भत्ता ७,५०० आणि विशेष भत्ता ४,९७८. बेरीज २७,४७८. हा झाला ग्रॉस पगार. तीस हजारांतले उरलेले २,५२२ रुपये स्लिपच्या मिळकतीच्या बाजूला येतच नाहीत. त्यात १,८०० हा कंपनीचा पीएफमधला वाटा आणि ७२२ ही ग्रॅच्युइटीची, म्हणजे काही वर्षांच्या सेवेनंतर कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेची तरतूद. आता कपात. तिचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात २५,४७८.

ऑफर लेटरमध्ये पॅकेजच्या आकड्यापेक्षा बेसिक किती आहे ते आधी पाहावं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यावरच ठरतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांतली ‘वेतना’ची व्याख्या अशी आहे, की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. बेसिक तीस टक्क्यांवर ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवण्याची जुनी युक्ती त्यामुळे फारशी चालत नाही. पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापला जात असेल तर हातातल्या पगारात यानं फरक पडत नाही. ग्रॅच्युइटी मात्र वाढते.

पीएफ

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. तुमच्याकडून बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के, कंपनीकडून तेवढेच. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि ३.६७ टक्के तुमच्या पीएफ खात्यात. वरच्या उदाहरणात कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनला आणि ५५० पीएफला. पासबुकात ‘कंपनीनं कमी भरलं’ असं दिसतं ते याचमुळे. ती तूट नाही, पेन्शनचा रकाना वेगळा असतो.

१५,००० ही वेतनमर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याचं बेसिक यापेक्षा जास्त असेल तर पीएफ सक्तीचा राहत नाही आणि जॉयनिंगच्या घोषणापत्रात, म्हणजे फॉर्म ११ मध्ये, तसं लिहून देता येतं. हातात थोडे जास्त येतात म्हणून बरेच जण तिथे ‘नको’ म्हणतात. माझं मत विचाराल तर नको म्हणू नका. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता आणि पंचविशीत आपण होऊन दर महिन्याला इतके बाजूला टाकणारी माणसं विरळाच. अशा जास्त बेसिकवाल्या नव्या सदस्याला पेन्शन योजना लागू होत नाही, कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्येच पडतो. पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची पात्र सेवा लागते.

पीएफबरोबर ठेवसंलग्न विमाही येतो. त्यासाठी तुमच्या पगारातून काही कापलं जात नाही. नोकरीत असताना सदस्याचा मृत्यू झाला तर वारसाला कमाल सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. हे कित्येक घरांना ठाऊकच नसतं आणि ई-नामांकन भरलेलं नसेल तर दाव्याच्या वेळी कागदपत्रांची धावपळ होते. नामांकन ऑनलाइन, फुकट आणि आधार ओटीपीवर होतं. लग्न झाल्यावर ते नव्यानं करायचं.

ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, महिन्याचं वेतन २१,००० पर्यंत असेल तर हा विमा लागू होतो (दिव्यांगांसाठी मर्यादा २५,०००). तुमचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५. तुर्भ्याच्या गोदामात १८,००० पगार असलेल्या मुलाचे १३५ रुपये कापले जातात आणि मालक ५८५ भरतो. त्याचं बेसिक १४,००० आणि घरभाडे भत्ता ४,००० असेल तर पीएफ १,६८०, व्यवसाय कर २००, म्हणजे हातात १५,९८५.

१३५ रुपयांत काय मिळतं? स्वतःवर आणि अवलंबून असलेल्या कुटुंबीयांवर उपचार. आजारपणात रजा घ्यावी लागली तर वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पण त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांचं योगदान भरलेलं हवं. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि नवी मुंबईत वाशीला कामगार विमा रुग्णालय आहे. आधी नोंद केलेल्या दवाखान्यात जायचं, तिथून पुढे पाठवतात. गर्दी असते, हे खरं. तरीही खासगी रुग्णालयाचं एक बिल आठवलं की १३५ रुपये जड वाटणार नाहीत. आईवडील साताऱ्याला किंवा जळगावला राहत असतील तर त्यांच्यासाठी तिथला दवाखाना वेगळा निवडता येतो, नोंदणीच्या वेळीच सांगावं.

मधेच पगार २१,००० च्या वर गेला तर कपात लगेच थांबत नाही. योगदानाचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो, तो संपेपर्यंत ती चालू राहते. लाभही त्यानुसार मिळतो.

व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी, टीडीएस

व्यवसाय कर महाराष्ट्र शासनाचा. पुरुषांना ७,५०० पर्यंत शून्य, १०,००० पर्यंत महिना १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी आहे. २४,००० पगार असलेल्या मुलीच्या स्लिपवर हे २०० दिसले तर एचआरला विचारा, बहुधा सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी चुकीचं भरलेलं असतं. जून आणि डिसेंबरमध्ये आणखी २५ रुपये जातात ते कामगार कल्याण निधीचे. त्यावर मालक ७५ घालतो.

आयकराची काळजी नव्या माणसाला सहसा नसते. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी. म्हणून जानेवारीत ‘टॅक्स वाचवायला’ एखादी पॉलिसी घेऊन ओळखीचे काका दारात आले तर त्यांना चहा द्या, सही देऊ नका. वर्षाच्या मधे नोकरी बदलली असेल तर मात्र आधीच्या कंपनीतल्या पगाराची आणि टीडीएसची, म्हणजे पगारातून कापलेल्या आयकराची माहिती नव्या कंपनीला द्यायची, नाहीतर विवरणपत्र भरताना एकदम रक्कम निघते.

जॉयनिंगचे कागद, आणि नावाचा घोळ

यादी तशी छोटी आहे. आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला चेक, फोटो, गुणपत्रिका, आधी नोकरी केली असेल तर रिलीव्हिंग लेटर आणि जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक. ईएसआयसीसाठी कुटुंबीयांचे आधार आणि फोटो. त्याशिवाय फॉर्म ११ आणि ग्रॅच्युइटीचं नामांकन.

अडतं ते नावापाशी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर आडनाव शेवटी. पॅनवर कधी वडिलांचं नाव गळलेलं, बँकेत नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलीच्या आधारवर सासरचं आडनाव आणि पॅनवर माहेरचं. पीएफची नोंद आधारप्रमाणे होते. नाव, जन्मतारीख किंवा लिंग जुळलं नाही की केवायसी अडकते आणि पुढे कंपनीबरोबर संयुक्त घोषणापत्र भरून दुरुस्ती करत बसावं लागतं. ऑफर हातात आली की रुजू होण्याआधीच आधार, पॅन आणि बँक खातं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, तेही बघा. गावाकडच्या काकांचा नंबर जोडलेला असेल तर ओटीपी तिकडे जातो.

ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन केंद्र सरकारच्या उमंग अ‍ॅपवर चेहरा पडताळून स्वतः काढायचा असतो. हा बारा अंकी क्रमांक आयुष्यभर एकच. नोकरी बदलली की तोच द्यायचा, नवा काढायचा नाही. दोन यूएएन झाले की जुनी रक्कम एका खात्यात, नवी दुसऱ्यात, आणि सेवेची वर्षंही तुटलेली दिसतात.

कंत्राटी असाल तर

ठाणे-बेलापूर पट्ट्यात बरीच भरती ठेकेदारामार्फत होते. गेटवर नाव एका कंपनीचं, स्लिप दुसऱ्याच एजन्सीची. पीएफ आणि ईएसआयसी तेव्हाही लागतात. ठेकेदारानं भरलं नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. नियुक्तीपत्र आणि पगाराची स्लिप हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. ‘सगळं धरून इतके देतो, पीएफ नको’ अशी तडजोड तोंडी स्वीकारू नका.

स्लिपवर न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल थोडं. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षांनंतर मिळते, प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचं वेतन या हिशोबानं, महिना २६ दिवसांचा धरून. नव्या संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षानंतर. दुकानं आणि कार्यालयांसाठीच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. कंपनीचा गट आरोग्य विमा असेल तर आईवडिलांचा समावेश आहे का आणि नावं नोंदवायची शेवटची तारीख कोणती, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या.

भरलं का, हे बघायचं कसं

एका महिन्याचा पीएफ आणि ईएसआयसी मालकानं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. जूनची कपात १५ जुलैपर्यंत. त्यानंतर काही दिवसांनी उमंगवर पासबुक उघडा किंवा नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजनं येते. केवायसी पूर्ण असेल तरच हे चालतं. पासबुकात महिना दिसत नसेल तर आधी एचआरला ईमेल करा, फोन नको, लेखी हवं. पुढच्या महिन्यातही जागा रिकामी असेल तर पीएफच्या ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर तक्रार नोंदवा. स्लिप, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद आणि नियुक्तीपत्र जोडायचं. कामगाराचा वाटा कापून न भरणं हा फौजदारी गुन्हाही ठरतो, त्यामुळे नुसत्या तक्रार क्रमांकानंही कधी कधी थकलेले महिने भरले जातात. पगारच थकला असेल तर ते पीएफ कार्यालयाचं काम नाही, त्यासाठी ठाण्यातल्या कामगार उपायुक्त कार्यालयात जायचं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळायला हवा, अर्जात ही तारीख आणि थकलेले महिने स्पष्ट लिहा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.