आटत्या पाण्यावरची मासेमारी: उन्हाळी हंगामामागचा इतिहास

मार्च सरत आला की गोड्या पाण्यातल्या मासळीच्या बाजारात वर्दळ वाढते. भिगवणच्या आडतीवर सकाळी लिलाव सुरू होतात, भंडारा-गोंदियाकडच्या आठवडी बाजारांत कटला आणि रोहू दिसू लागतात, आणि त्याच सुमाराला वर्तमानपत्रांत धरणांचा साठा किती टक्क्यांवर आला याचा तक्ता पहिल्या पानावर येतो. या दोन बातम्या सहसा वेगवेगळ्या वाचल्या जातात, पण महाराष्ट्रात गोड्या पाण्यातली मासेमारी प्रामुख्याने पाणी उतरण्याच्या काळातला धंदा आहे. पावसाळ्यात पाणी अफाट पसरते, गढूळ होते, त्याला ओढ असते. मासा विखुरलेला असतो. उन्हाळ्यात पाणी आकसते, तसा मासा एकवटतो.

एकवटला तरी तो सहज हाती लागतो असे नाही. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेच पाणी तीस अंशांवर गेले की साडेसातच्या आसपास. त्यात उथळ पाण्यात शेवाळ माजलेले असेल तर दिवसा ते प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच ओढून घेते. त्यामुळे पहाटेला पाणी सगळ्यात गुदमरलेले असते आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. ऊन चढले की रोहू, मृगळ खोल गाळाकडे सरकतात. म्हणून उन्हाळ्यात टांगती जाळी संध्याकाळी लावून पहाटे उचलायची, फेकजाळे काठच्या उथळात भल्या सकाळीच मारायचे आणि दुपारी जाळी दुरुस्त करायची, असा क्रम पडला. जाळे फार वेळ पाण्यात ठेवले तर अडकलेला मासा तिथेच मरतो आणि कोमट पाण्यात लगेच नरम पडतो. अशा मालाला आडतीवर भाव मिळत नाही.

हा क्रम ज्या पाण्यावर बसला ते पाणी मात्र गेल्या दोनशे वर्षांत बरेच बदलले आहे. दख्खनच्या नद्या धरणांआधी उन्हाळ्यात वाहत नसत. मधला प्रवाह तुटायचा आणि मागे डोह उरायचे. भीमा, नीरा, मुळा-मुठा, गोदावरी यांच्या काठच्या भोयांची, म्हणजे तिथल्या मासेमार समाजाची, उन्हाळी मासेमारी या डोहांतली. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. त्याने दख्खनमधल्या माशांची शास्त्रीय वर्णने 1839 मध्ये प्रसिद्ध केली, त्यांत पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महसीर आहे, शिंगाळा आहे. त्या यादीत कटला किंवा मृगळ शोधायला जाऊ नये. ते गंगेच्या खोऱ्यातले मासे, भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात माणसाने आणून सोडलेले.

डोहांबाबत दोन प्रथा शेजारी शेजारी नांदत होत्या. काही डोह देवाचे. महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनीचे मासे, वाडा तालुक्यात तिळसे येथे तिळसेश्वराच्या पायथ्याशी वैतरणेतले मासे. तिथे गळ टाकायचा नाही, मासा खायचा नाही. उन्हाळ्यात नदी तुटली की अशाच डोहांत मोठे, अंड्यावर येणारे महसीर तग धरत. पुराबरोबर ते पुन्हा पसरत, म्हणजे एका डोहावरची बंदी पुष्कळ लांबच्या गळांनाही पोसत असणार. दुसरी प्रथा उलट टोकाची. डोहात वनस्पतींचे विष कालवायचे. रामेठा, गेळफळ, हिंगणबेट अशी झाडे त्यासाठी डोंगरपट्ट्यात ठाऊक होती; साल किंवा फळे ठेचून साचल्या पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येत. वाहत्या पाण्यात हा उपाय चालत नाही. तो मुळातच उन्हाळ्याचा. पुढे खाणकाम आणि रस्तेबांधणीबरोबर सुरुंगाची दारू खेड्यापर्यंत पोचली आणि डोहात तीही फुटू लागली. इंग्रज सरकारने 1897 मध्ये भारतीय मत्स्य कायदा केला, त्यात स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. कायदा आजही आहे आणि सुरुंगही अधूनमधून वाजतात.

पूर्व विदर्भाची गोष्ट निराळी आणि माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत; मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा जमीनदार, आणि हे तलाव त्याच्या ताब्यातले. परंपरा सांगते की चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन द्यायचे ठरवले आणि कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव उभे केले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याच्या नावाने सांगितला जातो. तलाव बांधले धानासाठी. मासे त्यात ओघाने आले. पावसाने ओढ दिली की तुडुम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, उघडून धानाच्या बांध्यांना पाणी द्यायचे, हलके धान दिवाळीच्या आगेमागे आणि भारी धान त्यानंतर निघायचे, आणि तोवर तलाव अर्धा उतरलेला असायचा. पुढचे चार-पाच महिने शेतीला पाण्याची फारशी गरज नसे. त्या उरलेल्या पाण्यावर ढिवरांचा, म्हणजे इथल्या मासेमार समाजाचा, हंगाम उभा होता.

उन्हाळ्यात बोड्या, म्हणजे लहान तळी, पार कोरड्या पडत. तिथे टिकायचे ते मरळ, मांगूर आणि शिंगी. हे मासे पाण्याबाहेर तोंड काढून हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, ओलसर चिखलात दडून दिवस काढू शकतात. म्हणून बोडीतली उन्हाळी मासेमारी जाळ्यापेक्षा हाताने, टोपलीने, गुडघाभर चिखलात उतरून व्हायची, आणि त्यात बायका-पोरे पुढे असत. मोठ्या तलावात फेकजाळे आणि ओढजाळे. सांडव्यावर बांबूचे सापळे लागत ते मात्र पावसाळ्यात, चढणीच्या माशांसाठी. ढिवरांचे पोट एकट्या माशावर चालत नव्हते हेही लक्षात घ्यायला हवे. तलावात शिंगाडा, वैनगंगेच्या उघड्या पडलेल्या रेतीत डांगर आणि टरबूज. एकाच उतरत्या पाण्याची ही तीन पिके. गोसीखुर्द धरण भरू लागल्यावर वरच्या बाजूची रेती बारमाही पाण्याखाली गेली आणि त्यातले एक पीक तिथून उठले.

मालगुजाराच्या काळात मासा फुकट नव्हता. मालगुजाराचा वाटा होता, मर्जी होती, वेठही होती. पण गावाचे रिवाज कागदावरही येत. मध्य प्रांतात वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावदप्तरात अशा रिवाजी हक्कांची नोंद होत असे. मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 31 मार्च 1951 पासून तलाव सरकारचे झाले; भंडारा-चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होते. महाराष्ट्राच्या 1966 च्या जमीन महसूल संहितेत वाजिब-उल-अर्ज राहिले, त्यात मासेमारीचा हक्क नोंदायची सोयही राहिली, परंतु सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यातले पाणी वगळून. तलाव तर नेमके त्यांच्याच ताब्यात गेलेले! जमीनदारी गेल्याचे दुःख कुणी करू नये. मात्र मालगुजाराबरोबर तलावाच्या पाळीची, म्हणजे बांधाची, निगा राखणारी, पाणीवाटपाचे भांडण मिटवणारी व्यवस्थाही गेली आणि तिच्या जागी लगेच दुसरी आली नाही. तलाव गाळाने भरत गेले. उथळ तलाव उन्हाळ्यात लवकर तापतो आणि लवकर आटतो. ढिवरांचा हंगाम दोन्हीकडून कापला गेला.

मासेमारीचा हक्क आता ठेक्याने मिळू लागला. मच्छीमारांच्या सहकारी संस्था निघाल्या, तलाव त्यांना मुदतीने दिले जाऊ लागले, आणि ठेक्याचे वर्ष 1 जुलै ते 30 जून असे धरले गेले. पावसाच्या तोंडावर वर्ष संपवणे हिशेबाला सोयीचे होते. परिणाम असा की ज्याचा ठेका जूनअखेर संपतो आणि पुढचा मिळेल याची खात्री नाही, तो मे-जूनमध्ये तलावात शक्य तेवढे काही शिल्लक ठेवत नाही. अंड्यावर आलेली मरळसुद्धा नाही. हा लोभ कमी आणि तारखेचा दट्ट्या जास्त आहे.

ठेका भरायचा तर नक्की विकला जाणारा मासा हवा. तो मिळाला मत्स्यबीजामुळे, म्हणजे तलावात सोडायच्या लहान पिल्लांमुळे. कटला, रोहू आणि मृगळ साचल्या तलावात आपणहून प्रजनन करत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे त्यांचे बीज बंगालच्या नद्यांतून गोळा करून दूरवर न्यावे लागे. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात 10 जुलै 1957 रोजी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले. त्याच दिवसाची आठवण म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडायची, उन्हाळ्यात वाढलेला मासा काढायचा, हे चक्र बसले. उत्पन्न वाढले हे खरे. पण कटला हवेतून श्वास घेत नाही. पूर्वी बोडी आटली तरी मरळ चिखलात तग धरून असे. आता तलाव ठराविक पातळीखाली गेला की वर्षभराची गुंतवणूक दोन-तीन रात्रींत पोट वर करून तरंगते. म्हणून उन्हाळी धानासाठी तुडुम उघडले की शेतकरी आणि संस्था यांच्यात तंटा उभा राहतो. मासा बदलला आणि त्याच्याबरोबर पाण्याची गरजही बदलली.

पश्चिम महाराष्ट्रात उन्हाळ्याची गणितेच धरणांनी उलटी केली. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याची क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे सिंचनाच्या हिशेबात न धरलेले तळचे पाणी; पातळी त्यात उतरली की टक्केवारी उणे लिहितात. सिंचनाच्या वहीत ज्याला मृत म्हणतात त्या पाण्यात मासा उन्हाळा काढतो. 2024 च्या जूनमध्ये उजनी जवळपास उणे 60 टक्क्यांपर्यंत उतरले, पळसदेवचे जुने देऊळ मोकळे झाले, तरी मासेमारी चालू होती. उलट खालच्या नदीत उन्हाळी आवर्तन सुटले की जिथे पूर्वी तुटक डोह असायचे तिथे काही दिवस भर उन्हाळ्यात पूर येतो आणि मग पाणी एकदम बंद होते. भोयाने जाळे कधी टाकायचे हे ऊन-पावसापेक्षा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीवर ठरू लागले.

या जलाशयांत स्वतःहून पसरला तो चिलापी, म्हणजे तिलापिया. मोझांबिक तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला, आणि काही वर्षांतच त्याच्या प्रसारावर निर्बंध घालायची पाळी आली. कारण सरळ आहे. त्याला पुराची गरज नाही. नर उथळ पाण्यात खळगा करतो, मादी अंडी तोंडात सांभाळते, आणि वर्षात अनेकदा पिल्ले होतात. उन्हाळ्यात पाणी मागे हटून उथळ काठ वाढला की त्याचे फावतेच. पुणे-पिंपरीकडून येणारे सांडपाणी आणि त्यावर माजणारे शेवाळ यातही तो टिकतो. उजनीच्या काठच्या हॉटेलांत ताजी मासळी म्हणून जे ताट वाढले जाते त्यात चिलापीचा वाटा मोठा आहे. त्याला नावे ठेवणारे पुष्कळ, पण भोयांच्या घरची चूल त्यानेच पेटती ठेवली हेही तितकेच खरे.

साधनेही याच काळात बदलली. सुताची, तागाची जाळी जाऊन तंगूस, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी धाग्याचे जाळे, आले. ते पाण्यात दिसत नाही, कुजत नाही आणि स्वस्त आहे. होडी परवडत नाही तिथे ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एकटा माणूस जाळी लावतो. आणि वडाप आले: बारीक आसाचे (छिद्रांचे) लांबलचक ओढजाळे, जे उन्हाळ्यात आकसलेल्या फुगवट्यात बोटाएवढी पिल्लेही खरवडून नेते. उजनीवर वडापविरुद्धच्या तक्रारी स्थानिक मच्छीमारच करतात. त्यांच्या तंगूसच्या मोठ्या आसातून जे पिल्लू सुटते ते वडापात सुटत नाही.

महसीर मात्र या सगळ्यात मागे पडला. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनी महसीराच्या प्रजननाचा अभ्यास 1971 च्या सुमारास मांडला आणि लोणावळ्याला वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने त्याचे बीज तयार करण्याचे केंद्र चालवले. तिथली बोटुकली देशभर गेली. नदी मात्र बोटुकलीबरोबर पाठवता येत नाही. हौशी गळवाल्यांची पवईच्या तलावावर 1955 पासून स्वतःची संघटना आहे. त्यांचा कणकेच्या गोळ्यावर कटला पकडण्याचा उन्हाळी छंद हा वेगळ्या आणि जरा निवांत लेखाचा विषय.

मालगुजारी तलावांत गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यातच दोन परस्परविरोधी कामे चालू असतात. 2017 पासूनच्या गाळमुक्त धरण योजनेत कोरड्या तलावात जेसीबी उतरतात. गाळ काढणे गरजेचेच आहे, पण तळ सरसकट खरवडला की काठचा उतार आणि त्यातले पाणवनस्पतींचे कंद दोन्ही जातात, आणि देशी मासे अंडी घालतात ते तिथेच. दुसरीकडे भंडारा-गोंदियातल्या काही ढिवर गटांनी, त्यातही बायकांनी पुढाकार घेऊन, तलावातली बेशरम ही माजलेली झुडपे उपटून उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर देवधानासारख्या देशी वनस्पती लावल्या. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आहे. त्यामुळे वीजदर, कर्ज, विमा यांत सवलत मिळण्याची वाट मोकळी होते. त्याचा लाभ ज्याच्या नावावर तळे आहे त्याला सहज मिळेल. जूनअखेर ठेका संपणाऱ्या संस्थेला तो मिळवण्यासाठी आधी ठेक्याची मुदत आणि तलावातली किमान पातळी या दोन जुन्या प्रश्नांवर भांडावे लागणार आहे.