घरासाठी वेगळा सोलर बॅकअप: मुंबईत कोणाला मिळतो, अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

छतावर सोलर बसवलं की लाईट गेल्यावरही घर चालू राहणार, असं धरूनच बरेच जण अर्ज भरायला बसतात. तसं होत नाही. नेट मीटरवरची (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) साधी ऑन-ग्रिड, म्हणजे कंपनीच्या लाईनला जोडलेली, यंत्रणा लाईट जाताच स्वतःही बंद पडते, मग बाहेर भर दुपारचं ऊन का असेना. हा बिघाड नव्हे. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छतावरून उलट आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टरवर तशी सक्तीच आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, तशा दिवशी बॅटरी नसलेल्या सोलरचा काडीचा उपयोग नाही.

त्यामुळे आधी ठरवा: बिल कमी करायचंय की लाईट गेल्यावर पंखे, दिवे, वायफाय चालू ठेवायचेत? फक्त दुसरं हवं असेल तर ऑफ-ग्रिड संच पुरतो. पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर आणि घरातलं वेगळं वायरिंग, सोलरची वीज ग्रिडला म्हणजे कंपनीच्या लाईनला जात नाही. त्याला नेट मीटर लागत नाही आणि अनुदानही मिळत नाही. दोन्ही हवं असेल तर ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि नेट मीटरचा पूर्ण अर्ज करावा लागतो. अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीचा खर्च मात्र पूर्ण तुमचा. विक्रेता बॅटरीवरही सबसिडीची भाषा करत असेल तर तिथेच सावध व्हा.

हे अनुदान ‘पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजने’तून मिळतं. योजना २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. पहिल्या २ किलोवॅटना किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे घरगुती ग्राहकाला जास्तीत जास्त ७८,०००. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट यांसाठी, किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात आणि याआधी सोलरसाठी अनुदान घेतलेलं नसावं.

पात्रतेची खरी अडचण मुंबईत एकच, ती म्हणजे छत. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि इमारतीची गच्ची कुणा एकाच्या मालकीची नसते. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून गच्ची आपली, हा समज सोसायटीच्या सभेत टिकत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र घ्या. पत्रात किती जागा, कुठली बाजू, केबल कोणत्या डक्टमधून खाली येणार आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी पॅनेल काढून परत बसवायचा खर्च कोणाचा, हे सगळं लिहून घ्या. शेवटच्या मुद्द्यावरच पुढे भांडणं होतात. पागडीच्या घरात मालकाची लेखी संमती हवी. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा.

दुसरा खोळंबा नावाचा. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर आणि आधार नातवाचं, अशी घरं इथे कमी नाहीत. आधी वीज कंपनीकडे नावबदल करा, मगच सोलरच्या अर्जाला हात घाला. बँक खात्यावरचं नावही बिलाशी जुळू द्या, कारण अनुदान थेट खात्यात येतं.

अर्ज पीएम सूर्य घरच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. तिथे तुमची वीज कंपनी निवडायची: कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. ज्यांचं बिल येतं, ती तुमची कंपनी. ताजं बिल आणि त्यावरचा ग्राहक क्रमांक, आधार, चालू मोबाईल नंबर, रद्द केलेला चेक किंवा पासबुक, आणि छतावरच्या हक्काचा कागद (शेअर सर्टिफिकेट व ना-हरकत पत्र, किंवा मालमत्ता कराची पावती) स्कॅन करून जवळ ठेवा. २०२४ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट उरलेली नाही. मंजूर भार (कंपनीने तुमच्या जोडणीला ठरवून दिलेली विजेची मर्यादा) कमी पडत असेल तर तो वाढवला जातो. वाढलेल्या भाराने बिलातला स्थिर आकार किती बदलेल, ते मात्र आधीच विचारा.

मग पोर्टलवर नोंद असलेला विक्रेता निवडायचा आणि त्याच्याशी लेखी करार करायचा. करारात ५ वर्षांची देखभाल असायला हवी. काम झाल्यावर पॅनेलचे अनुक्रमांक, देशी पॅनेलचा दाखला, बसवलेल्या संचासोबत तुमचा फोटो, लायसन्सधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल आणि नेट मीटर करार अपलोड होतात. कंपनीची माणसं तपासणी करून मीटर बदलतात, संच सुरू झाल्याचा दाखला पोर्टलवर येतो, आणि त्यानंतरच अनुदानाची मागणी करता येते.

ऑफ-ग्रिडवाल्यांची यातून सुटका आहे, पण वायरिंगमध्ये हयगय नको. डीबीमधून (घरातला स्विच-फ्यूजचा मुख्य बोर्ड) महत्त्वाच्या वस्तूंची वेगळी सर्किटं काढा आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तारा तोडणारा चेंजओव्हर (कंपनीची वीज की सोलरची, हे बदलणारा स्विच) बसवा, म्हणजे सोलरची वीज कंपनीच्या लाईनवर जाणारच नाही. ‘न्यूट्रल कॉमन चालतो’ म्हणणारा वायरमन बदला. हायब्रिड असेल आणि नेट मीटर नको असेल, तरी ग्रिडशी जोडण्याआधी कंपनीला लेखी कळवायचं असतं.

बॅटरी किती घ्यावी? दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, चार एलईडी दिवे आणि राऊटर मिळून ११० वॉटच्या आसपास. चार तासांना अर्धा युनिट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी एवढं सहज ओढते. फ्रिज जोडला की हिशोब बदलतो, एसी जोडायचा असेल तर खर्चाचा आकडाच वेगळा होतो. जुलैच्या सलग पावसाळी दिवसांत पॅनेल बॅटरी पूर्ण भरतीलच असं नाही, म्हणून ग्रिडवरूनही चार्ज होणारा इन्व्हर्टर घ्या.

विक्रेत्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्यासमोर मेन स्विच बंद करा आणि तासभर तसंच राहू द्या. त्या तासात जे चाललं तेवढाच तुमचा बॅकअप. जे चाललं नाही, त्याचं सर्किट पैसे द्यायच्या आधी जोडून घ्या.