‘भॉक’ आणि हसू यांच्यामधलं अंतर

दाराआडून कुणीतरी ‘भॉऽक!’ करतं. आपण दचकतो, छातीत धडधडायला लागतं आणि लगेच खदखदून हसू येतं. भीतीला हसू इतकं लगटून का यावं? विनोदी प्रवेश ऐन रंगात आलेला असताना प्रेक्षकाला दचकवणारा नाटककार नेमका इथेच हात घालतो. ही कसरत मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात आपल्या शरीराची जुनी गुपितं उघडी पडतात.

दचकण्यापुढे निर्धार चालत नाही. मोठा आवाज झाला की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापण्या मिटू लागतात, पाठोपाठ मान आखडते, खांदे वर येतात. कानाकडून आलेला संदेश मेंदूच्या खालच्या देठातूनच स्नायूंकडे वळतो, विचार करणारा भाग मागून जागा होतो. चार्ल्स डार्विनने हे स्वतःवर करून पाहिलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याने विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला तोंड टेकवलं आणि काही झालं तरी मागे सरायचं नाही असं ठरवलं. साप काचेवर झेपावला आणि डार्विन वार-दोन वार मागे उडाला. १८७२ च्या त्याच्या पुस्तकात हा प्रसंग आहे.

हसू वेगळ्या वाटेने येतं. त्यासाठी मेंदूने काहीतरी गृहीत धरलेलं असावं लागतं. नेरहार्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास लोकांना एकापाठोपाठ एक वजनं उचलायला दिली. हाताला एका भाराची सवय झाली की मध्येच भलत्याच भाराचं वजन यायचं, आणि लोक हसायचे. विनोद कुणी केलेलाच नसायचा! पण हाच प्रकार त्याने रेल्वे स्टेशनवर सुटकेस घेऊन केला, तेव्हा कुणी हसलं नाही. गाडी गाठायची असलेल्या माणसाला अंदाज चुकल्याची गंमत वाटत नाही. नाट्यगृहातल्या खुर्चीत बसलेल्याला वाटते, कारण तिथे त्याचं काही बिघडणार नसतं.

माझा सर्वांत आवडता प्रयोग मात्र अमेरिकेतला, १९६८ चा. शरक्लिफ या संशोधकाने विद्यार्थ्यांना पिंजऱ्यातला उंदीर हाताळायला सांगितलं. काहींना उंदीर अगदी गरीब असल्याचं सांगितलं, तर काहींना त्याचं रक्त काढायचं आहे आणि तो चावूही शकतो, असं. धीर करून हात घातला तर आत खेळण्यातला रबरी उंदीर! जितकी जास्त धास्ती, तितकी त्यांना ती गंमत मोठी वाटली. अंगात दाटलेली भीती वाया गेली नाही, ती हसण्याच्या कामी आली.

आता उलट बाजू. हसून सैल पडलेला प्रेक्षक जास्त दचकतो, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. हसताना अंगातलं बळ जातं हे खरं. १९९९ मध्ये डच संशोधकांनी मोजून दाखवलं की हसताना स्नायूंची एक प्रतिक्षिप्त क्रिया क्षीण होते. ‘हसून हसून हातपाय गळाले’ हे आपण उगीच म्हणत नाही. पण १९८८ च्या एका अमेरिकी अभ्यासात सुखद चित्रं पाहताना अचानक आवाज झाला, तर पापण्यांचा झटका सौम्य आढळला आणि अप्रिय चित्रं पाहताना तीव्र. म्हणजे निखळ आनंदात बसलेल्याला दचकवणं उलट अवघड!

म्हणून मला वाटतं, कसबी लेखक हशाच्या आधीच एक बारीक धास्ती पेरून ठेवतो. कधी न उघडलेली खोली, माडीवर वाजलेलं पाऊल. मग विनोदाच्या भरात आपण ती विसरतो. हशा ओसरत असताना, पुढचं वाक्य ऐकायला कान टवकारलेले असताना दार उघडतं.

कोकणातल्या दशावतारात संकासुर येतो तो अंगभर काळा, तोंड झाकलेलं, लाल जीभ लोंबणारी. बोलायला लागतो तो मालवणीत, आणि खेळ बघायला जमलेले सगळे हसतात. पुढे बसलेलं पोर आधी आईच्या पदरात शिरतं, मग एका डोळ्याने बघतं, मग हळूच हसतं. तेवढ्यात तो काळा झगा पुन्हा त्याच्याच दिशेला वळतो.